साडेतीनशे वॅट

“पंप काढ त्यातून,” सासरे म्हणाले. “टाकी सकाळीच भरून ठेवायची. एवढासा जनरेटर, त्याच्या मानेवर पंप कशाला?”

“आणि टीव्ही?” नवऱ्याने विचारलं.

“बातम्या लाइट असतानाही डोक्यात शिरत नाहीत माझ्या. काढ.”

जेवणाच्या टेबलावर तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पसरली होती. घरामागचा पॅसेज सासऱ्यांनी नवऱ्याला टेपने मोजायला लावला होता, आणि तिथे मावेल असा एकच सेट शेवटी उरला होता. चोवीसशे वॅटचा. त्याच्यावर घरातलं काय काय चालवायचं याची यादी आता चालली होती. सासऱ्यांच्या नाकाला ऑक्सिजनची लांब नळी, नळीचं दुसरं टोक त्यांच्या खोलीतल्या मशीनला, हातात पेन्सिल. दोन वाक्यांच्या मध्ये ते थांबत. आम्हाला थांबायची सवय झाली होती.

चौतीस वर्षं ते लाइनमन होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी लाइट गेली की गल्ली आमच्याच फाटकाशी यायची. “काका, कधी येणार?” जणू यांनीच ती खिशात घालून आणली आहे. तेही खोलीच्या खिडकीतून तारांकडे बघून सांगायचे, “चाळीस मिनिटं.” बहुतेकदा तेवढीच लागत. गेल्या वर्षापासून मात्र त्यांचा अंदाज चुकायला लागला. लाइट चार-चार, सहा-सहा तास जायची. खांबावर चढणारी माणसं कमी केली होती आणि उरलेली कायम गावाच्या दुसऱ्या टोकाला असायची. लोकांनी विचारणं सोडून दिलं.

“लाइनमनच्या घरात जनरेटर,” ते म्हणाले होते, “म्हणजे न्हाव्याने दाढीला बाहेर जाण्यासारखं.” आधी हसले, मग बराच वेळ खोकले.

“एसी पाहिजेच का गं?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

छोटी माझ्या मांडीवर होती. आठ महिन्यांची. उन्हाळ्यात, अशाच लाइट गेलेल्या एका दुपारी, तिचे डोळे वर गेले होते आणि हातपाय ताठ झाले होते. दीड मिनिट. डॉक्टरांनी नंतर मला समोर बसवून नीट सांगितलं, की फिट तापामुळे आली, उकाड्यामुळे नाही. ताप उतरवा, खोली गार नसली तरी चालेल. मी बी.एस्सी. आहे. मला ते समजलं होतं.

“पाहिजे,” मी म्हणाले.

“बरं.”

एसी सुरू होताना दुप्पट ओढतो, तेवढी जागा सोडायला हवी, असं पुटपुटत त्यांनी सोळाशे लिहिले. खाली फ्रिज, दोनशे. तीन पंखे, सव्वादोनशे. दिवे, साठ. रेघ मारली. दोन हजार पंच्याऐंशी. पेन्सिल खाली ठेवली.

मी समोरून, उलट्या बाजूने वाचत होते. बेरीज बरोबर होती. फक्त त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनचे साडेतीनशे वॅट तिच्यात नव्हते. ते धरले असते तर आकडा सेटच्या वर गेला असता.

विसरले असतील, असं मला वाटलं. मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

छोटीने एका माहितीपत्रकाचा कोपरा तोंडात घातला. मी तो सोडवायला लागले. भिजलेला कागद बाळाच्या मुठीतून काढायला कितीसा वेळ लागतो? मी पुष्कळ लावला.

“झालं?” म्हणत नवऱ्याने यादीचा फोटो काढला आणि दुकानात पाठवून दिला. ती तपासावी हे त्याच्या मनातही आलं नाही. बाबांनी काढलेला लोड तपासायचा काय?

चार दिवसांनी सेट आला. नवरा ऑफिसात होता. दुकानाचा वायरमन मोबाइलमधली यादी बघत खोल्यांतून फिरला आणि सासऱ्यांच्या दाराशी थबकला.

“काका, या मशीनचा पॉइंट राहिला की.”

“राहिला नाही. त्याला सिलिंडर आहे.”

“सिलिंडर किती वेळ पुरणार?”

“लाइट येईपर्यंत.”

वायरमन हसला. मग माझ्याकडे वळला. “वहिनी, एसी काढला ना, तर हे आरामात बसतं. पंपसुद्धा बसेल.”

सिलिंडर चार तास चालतो हे मला पाठ होतं. “बाबांना यातलं जास्त कळतं,” मी म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून तर तोंडातून निघालं.

“तेही आहे. लायनीतल्या माणसाला आपण काय सांगणार,” म्हणत त्याने ड्रिल उचललं.

धुराचा पाइप नेमका सासऱ्यांच्या खिडकीखाली निघाला. “ही खिडकी आता उघडायची नाही,” त्यांनीच मला बजावलं. सेट चालू करायलाही मलाच शिकवलं. आधी किल्ली. मग एक मिनिट थांबायचं. मग भिंतीवरचा खटका खाली. “थांबायचं म्हणजे थांबायचं. घाईने लोड टाकलास तर सेट मान टाकेल.” हे सगळं झालं की त्यांच्या खोलीत जाऊन पान्याने सिलिंडर उघडायचा आणि नळी त्याला जोडायची. पान्याला जोर लागायचा. तेवढा त्यांच्या हातांत राहिला नव्हता.

पुढच्या मंगळवारी दुपारी दीडला लाइट गेली. छोटीला खांद्यावर घेऊनच मी किल्ली फिरवली, मिनिट मोजलं, खटका पाडला. एसी सुरू झाला. ती गुंगीत होती, नुकताच डोळा लागत होता. पलीकडच्या खोलीत वीज तुटलेलं मशीन शिट्टी वाजवत होतं. खाली ठेवलं तर उठेल, मला वाटलं. उठली तर रडेल, रडली की अंग तापेल, तापलं की... मी थोपटत राहिले. शिट्टी वाजत राहिली. मग थांबली, आणि मला हायसं वाटलं.

सात मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडेच बघत होते.

छोटीला ठेवून मी गेले तेव्हा सासरे जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून बसले होते. पाना दोन्ही मुठींत. सिलिंडर उघडलेला. नळी एकाच नाकपुडीत, तिरकी. ओठ निळे. मी पुढे झाले तर त्यांनी एक बोट वर केलं. थांब. ते बंद खिडकीपलीकडचा सेट ऐकत होते.

“एसी... घेतला?”

“हो.”

“आवाज पडला नाही... बघ.” श्वास. “बसला लोड.”

“बाबा, मी येतच होते.”

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना उठवायला लागले तशी त्यांनी माझा हात मनगटाच्या वर असा आवळला, की मला ओरडावंसं वाटलं. पलंगावर बसल्यावरही लगेच सोडला नाही.

“त्याला सांगू नकोस,” ते म्हणाले. “एसी काढायला लावेल.”

“नाही सांगत.” मला विचारही करावा लागला नाही.

लाइट पाच वाजून दहा मिनिटांनी आली. सिलिंडरचा काटा तेव्हा लाल पट्ट्याच्या आत गेला होता.

नवरा सातला आला. बूट काढता काढता त्याने विचारलं, “काय, चालला का सेट?”

“एक नंबर,” सासरे म्हणाले. “लोड बरोबर बसला.”

“बघितलंस? दुकानवाल्यांनी आपल्या गळ्यात दुप्पट मोठं धूड मारलं असतं.” त्याने छोटीसाठी हात पुढे केले.

तिला त्याच्याकडे देताना माझी बाही वर सरकली. चार बोटांचे वळ अजून लाल होते. मी बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली, आणि सासऱ्यांनी समोरचा पेपर उघडून तोंडापुढे धरला.