साठा एक दाखवला तर

एल्डोरेट शहरातल्या ॲम्ब्युलन्स सेवेच्या ऑफिसात नासिमियूच्या कामाला कुणी काम म्हणतच नसे. किमेली आणि त्याचे सोबती सॉफ्टवेअरची टूल बनवायचे, ती फक्त त्या टूलांची माहिती लिहायची. ती माहिती वाचणारी माणसंही नव्हती. ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची हे ठरवणारा एआय एजंट ती वाचायचा, आणि टूल कसं वापरायचं हे त्याला तेवढ्यावरूनच कळायचं.

कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस किती, हे सांगणारं टूल किमेलीचं. घाईघाईत त्याने स्वतःच माहितीची एक ओळ खरडली होती: ‘उपलब्ध बाटल्यांची संख्या देते.’ चाचणीच्या सुरुवातीलाच एजंटने त्या ओळीवर विश्वास ठेवून एका गुराख्याला जवळच्या दवाखान्यात पाठवलं. नोंदीत साठा एक दिसत होता आणि कपाट रिकामं निघालं. गुराखी वाचला, पण पाय गेला. त्या दिवशी ॲम्ब्युलन्स चालवत होता किमेलीचा थोरला भाऊ, किबोर.

“तुझं यंत्र सांगतंय म्हणून मी पुन्हा गाडी वळवणार नाही,” किबोर म्हणाला. “तू बस खुर्चीत बटणं दाबत. त्याच्या बायकोला तोंड मला दाखवावं लागलं.”

किमेलीने कोड उलटापालटा करून पाहिला, चूक काही सापडेना. नासिमियूने कोड उघडलासुद्धा नाही. ती फोन घेऊन एकेका नर्सशी गप्पा मारत बसली. शेळ्या बऱ्या आहेत ना, धाकटी कितवीत गेली, असलं सगळं.

“लग्न जमवतेयस का कुणाचं?” किमेलीने विचारलं.

“तुझं जमवू का? गप्प बस आणि चहा आण.”

शेवटी ती मंदाझीचा गोड वडा चघळत त्याच्या टेबलाशी आली. “दवाखान्यांत साठा शून्य असं कुणीच लिहीत नाही.”

“म्हणजे?”

“शून्य लिहिलं की औषधांच्या डेपोतला साहेब खेकसतो, संपेपर्यंत झोपा काढत होतात का म्हणून. मग बाटली संपली तरी नोंद एकवरच ठेवतात. नर्सांना ते आपसात ठाऊक असतं. दुसरीकडे साठा एक दिसला की त्या आधी फोन करतात.”

“एवढंच ना? एक आला की शून्य धरायचं. आत्ता बदलतो.”

“आणि एखाद्या ठिकाणी खरंच एक बाटली असली तर? त्या दारावरून पेशंट पुढे नेशील?”

नासिमियूने लिहिलं, खोडलं, एजंटला नाना तऱ्हांनी अडचणीत टाकून पाहिलं आणि पुन्हा लिहिलं: ‘साठा एक दाखवला तर लस आहे असं समजू नका, नाही असंही समजू नका. दवाखान्यात फोन करा. नर्सला बाटली हातात घेऊन बोलायला सांगा.’

“हातात कशाला?”

“‘आहे का’ विचारलं की आपली माणसं आधी ‘हो’ म्हणतात. नाही म्हणायला जिवावर येतं त्यांच्या.”

बाई मोठी हुशार, यात शंका नाही. किमेलीला ते पटलंही, पण तोंडाने कबूल करायला तो तयार नव्हता.

मग एका दुपारी शेळ्यांमागे गेलेल्या मुलीला साप चावला. किबोरने तिला गाडीत घेतलं. जवळच्या दवाखान्यात साठा एक. एजंटने तिथे फोन लावला. किमेली पडद्यासमोर बसून ऐकत होता.

“हो हो, आहे, पाठवा,” नर्स म्हणाली.

“बाटली हातात घेऊन सांगाल का?” एजंटने विचारलं.

कपाटाचं दार करकरलं.

“नाही हो,” नर्स म्हणाली. “हात रिकामाच आहे.”

एजंटने किबोरला पुढच्या मिशन हॉस्पिटलकडे जायला सांगितलं, तिथे सहा बाटल्या होत्या. नकाशावरची गाडी फाट्यावर थांबली.

“जवळचा सोडून पुढे? का म्हणून?” किबोर गुरकावला.

“नर्सने आत्ताच कपाट उघडून पाहिलं. बाटली नाही,” एजंट म्हणाला.

गाडी हलेना. मग ती सरळ पुढे निघाली.

संध्याकाळी किबोरचा फोन आला. “पोरगी शुद्धीवर आहे. मक्याची उगाली खायला मागतेय! बाटली हातात घ्यायला लावायचं कुणी शिकवलं रे त्याला?”

“मी नाही, दादा. हिने.” किमेलीने फोन नासिमियूपुढे धरला.

“ताई, पोरीची आई इथे उभी आहे. तुमचं नाव विचारतेय, काय सांगू?”

जिल्हाभरच्या नर्सांशी बोलून न थकलेल्या नासिमियूला स्वतःचं नाव सांगायला शब्द फुटेना. तिचे डोळे भरून आले होते. शेवटी किमेलीनेच फोनवर वाकून ते सांगितलं, साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.