सही केलेला पेन ड्राइव्ह

मित्रांनो, माझ्या पाठीवरचं हे लाल नेलपेंट मी हौसेनं लावलेलं नाही. मी एक जुना पेन ड्राइव्ह. उमेदीची वर्षं आष्ट्याच्या राजारामच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजवण्यात गेली. ऊस माझ्यामुळेच गोड होतो, असा माझा समज होता.

राजाराम एका पतसंस्थेत कारकून. एके दिवशी त्यानं माझी सगळी गाणी पुसली आणि चेअरमन हंबीररावांचे हिशेब माझ्यात भरले. कुठून तरी आलेला काळा पैसा द्राक्षं विकून मिळाला, असं त्यात दाखवलं होतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो ना! मग त्यानं गुपचूप मला पत्रकार क्रांतीताईंच्या हातात ठेवलं. माझ्या पाठीवर पट्टी होती. तिच्यावर त्याचं नाव आणि सही.

“आवं राजारामभाऊ, चोरून देताय आन् वर सही?”

“सहीबिगर आमच्याकडनं काय भायेर जात न्हाई, ताई. सवय हाय.”

“हंबीररावानं बघितलं तर नोकरी जाईल की तुमची!”

ताईंनी पर्समधलं नेलपेंट काढलं आणि तिथल्या तिथं नाव आणि सही दोन्ही बुजवली. इतकं हुशार माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता उद्याच पेपरात झळकणार, म्हणून मी ऐटीत होतो. पण ताईंचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. हिशेबातल्या द्राक्षबागेचे सातबारे काढून त्या थेट कवठे महांकाळला गेल्या. द्राक्षबागेच्या जागी माळ, बाभळी आणि एक शेळी. शेळीनं प्रतिक्रिया द्यायला नकार दिला. तरी ताईंनी फोटो काढला. मग व्यापाऱ्यांना भेटल्या आणि शेवटी खुद्द हंबीररावांसमोर जाऊन बसल्या. मी पर्समध्ये घामाघूम.

“साहेब, तुमची बाजू सांगा. छापायची हाय.”

“तुला कुणी दिलं हे?”

“द्राक्षं कुठं हायत, तेवढं सांगा.”

“बाई, नाव सांग. न्हाईतर कोर्टात खेचीन.”

“खेचा की. तिथं चहा मिळतो, का घरनं आणू?”

बातमी छापून आली, चौकशी बसली आणि हंबीररावांनी खरंच खटला भरला. ताई प्रत्येक तारखेला जातात, नाव सोडून सगळं सांगतात. राजाराम त्याच खुर्चीवर बसून “कोण ओ आसंल त्यो?” म्हणत सगळ्यांबरोबर हळहळतो.

मित्रांनो, मी हल्ली ड्रॉवरमध्ये धूळ खात असतो. मला जपलं नाहीत तरी चालेल, माझ्यासारखे दुकानात ढिगानं मिळतात. पण जीव मुठीत धरून खरं आणून देणारा माणूस जपा.

आणि हो, राजाराम हे त्याचं खरं नाव नाही. ताईंच्या संगतीत एवढं तरी शिकलो.