तिसरी नक्कल

वेल्माने समुद्राकडून येणारी तार खोबणीतून उपसली आणि मागे उभ्या असलेल्या ओल्फीबाईंना म्हणाली, "आता काढा कुणाचीही माहिती."

बेटावरच्या दवाखान्यात ही परीक्षा ती दरवर्षी सुराबायाहून येऊन घ्यायची. तार मुद्दाम तोडायची आणि काम चालू राहतं का ते बघायचं. रोग्यांच्या माहितीच्या तीन नकला होत्या. दोन लांब जावावर, सुराबायाच्या मोठ्या यंत्रघरात, आणि तिसरी इथे, याच खोलीतल्या लोखंडी पेटीत. पश्चिमेचे वारे सुटले की समुद्राखालची तार तुटायचीच. मागे तुटली तेव्हा बाळंतिणीचा रक्तगट या पेटीनेच सांगितला होता.

ओल्फीबाई इथल्या मोठ्या परिचारिका. त्यांनी एक नाव टाकलं. पडद्यावरचं चक्र फिरलं आणि फिरतच राहिलं.

"दुसरं नाव टाका."

दुसऱ्या नावाचंही तेच झालं. वेल्माने पेटीचं झाकण उघडलं. पंखा इमानाने फिरत होता, पण डिस्कांचे कप्पे रिकामे होते. तिने रिकाम्या कप्प्यात बोटं घालून पाहिली.

तिने तार परत जोडली. रोग्यांची नावं पडद्यावर भराभरा उमटली, जणू काही झालंच नव्हतं. मग अंगणात जाऊन तिने आपल्या वरिष्ठांना, ज्यांना सगळे मानाने 'पाक' म्हणत त्या पाक सुगियार्तोंना, फोन लावला. नकला कुठे ठेवायच्या हे शेवटी तेच ठरवायचे. हे काम तिला हाताला धरून शिकवलं होतं तेही त्यांनीच, आणि तिसरी नक्कल बेटावर ठेवायला साहेबांशी भांडलेही तेच होते.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नक्कल तिथेच ठेवावी जिथून मागणी जास्त, बेटावरून तर मागणी जवळपास नाहीच, असं त्यांनी तिला समजावलं. सुराबायाचे दवाखाने रोज रांगा लावतात, म्हणून पेटीतल्या डिस्का त्यांना दिल्या. तिला कळवलं नाही, कारण ती भांडली असती.

"पाक, नक्कल इथेच होती. इथली मागणी इथेच भागायची. ती तुमच्या सुराबायाच्या मोजणीत येणार कशी?"



"ते मला ठाऊक होतं, वेल्मा," ते म्हणाले. "वरच्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना दाखवायला तो आकडा माझ्या सोयीचा होता."

तिने फोन ठेवला. हे त्यांच्या हातून चुकून झालं असतं, तर ती रात्रभर रडली असती आणि सकाळी त्यांच्याशी बोलली असती.

ओल्फीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वेल्माने घाईघाईने सांगायला सुरुवात केली, की तिला यातलं काही माहीत नव्हतं, डिस्का परत आणायला ती वरपर्यंत जाईल. ओल्फीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"वेल्मा नोना, त्या पेटीवर सासी होती, गावाची बंदी," त्या म्हणाल्या. "तुझ्याच सांगण्यावरून सासीची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या केवांगने नारळाचं पान बांधलं होतं. ते सुटेपर्यंत या बेटावरचं कुणी तिला हात लावणार नव्हतं."

"मग सोडलं कुणी?"

"केवांगनेच. पाक आले, माणसं घेऊन आले. केवांग म्हणाला, जिने बांधायला लावलं तिचा शब्द लागेल. पाक म्हणाले, तिचाच निरोप घेऊन आलोय."

वेल्मा पायरीवर बसली. समोर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी वाऱ्याने फडफडत होत्या.

"आणि तुम्ही मानलंत?"

"का नाही मानायचं? तू 'माझे पाक, माझे पाक' करत फिरायचीस. तुझ्या तोंडून त्यांचं इतकं ऐकलं होतं, की ते तुझेच वाटले. केवांगने प्रार्थना म्हटली, पान सोडलं. त्या दिवसापासून तो तुझं नाव घेत नाही."

"ओल्फी उसी, मी असा निरोप दिला नव्हता. देवाशपथ."

"असेल." ओल्फीबाईंनी चादरीचं टोक सरळ केलं. "पण तार तुटली की काहीच दिसत नाही, हे आम्ही तुमच्या कचेरीला कळवायचो, कळवायचो, आणि मग कळवायचं सोडून दिलं. तू तिथे बसून बघत होतीस ना आमची पेटी?"

वेल्मा रोज बघत होती. सुराबायाच्या तिच्या पडद्यावर बेटाच्या नावापुढे हिरवा दिवा असायचा. तार चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यापलीकडे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं ते पाकना, आणि पाक म्हणायचे, सगळं ठीक आहे.

"मी केवांगकडे जाते," ती म्हणाली. "त्यांना स्वतः सांगते."

"जा. पण तो आधी एकच विचारेल. शब्द तुझा नव्हता, तर तुझ्या नावाने खोटं बोलणारा माणूस कोण, ते तुझ्याच तोंडून सांग. आणि पाकचं नाव तू केवांगसमोर घेतलंस, की या बेटावर पाकना पुन्हा पाय ठेवता यायचा नाही."

वेल्माच्या हातात फोन थरथरला. पाकच होते. तिने पडद्याकडे पाहिलं, मग फोन न उचलताच उठून पायात चपला सरकवल्या.

"केवांगचं घर चर्चच्या अलीकडे की पलीकडे?" तिने विचारलं.