भिंतीवरचं वावर

लग्नघराची भिंत म्हणजे हत्ती, मोर, कळस घेतलेल्या दोन बाया आणि नवरा-नवरीची नावं. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात वेगळं काही कुणी काढलं नव्हतं. सत्त्याऐंशीच्या वैशाखात नणंदेचं लग्न निघालं तेव्हा सासरे अभिमननानांनी भिंत लताला दिली. धुळ्याची सून, चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेली.

लताच्या पेटीत एक पुस्तक होतं, धुळ्याला रशियन पुस्तकांची गाडी आली तेव्हा घेतलेलं. मांडीवरची तान्ही लेक दूध पिता पिता झोपली, की तिच्या मुठीतून पदर अलगद सोडवून लता ते उघडायची. त्यात सावेली दोर्निन नावाचा चित्रकार. युद्धावरून लंगडत परतला आणि चाळीस वर्षं आपल्या गावची शेतं रंगवत बसला. एक चित्र पाहून वरचे अधिकारी म्हणाले, ट्रॅक्टर घाल, हसणाऱ्या बाया घाल. तो म्हणाला, त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. ते चित्र सात वर्षं गोदामात पडून राहिलं, पण त्यानं ब्रश लावला नाही. एकदा सासू भिकुबाईंनी पुस्तकातलं बर्फानं झाकलेल्या शेताचं पान पाहिलं. "एवढा कापूस फुटेल शे, आनि येचाले एक बी बाई नही?"

लतानं भिंतीवर आपलं वावर काढलं. कापसाची पऱ्हाटी उपटलेली काळी जमीन, तिच्या भेगा, बांध, कडुलिंब. गेरू, नीळ आणि कोळशाची पूड, बस.

"लगीनघरना भितडावर उजाड वावर?" नाना म्हणाले. "व्याही हासतीन." त्यांनी गडी झुलालला चुन्याची बादली आणायला सांगितलं.

लता पोरीला कडेवर घेऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, आवाज मात्र खाली नव्हता. "नाना, आपल्या दारात हत्ती कधी आला? हे वावर आहे म्हणून हे लग्न आहे."

झुलालनं बादली खाली ठेवली. नाना भिंतीजवळ गेले, आणि तिथेच त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हाऊ लिंब आपला शे. तू तो बांधना पलीकडे, पंडितना वावरमा लाई दिना."

"मी बसले होते तिथून तो पलीकडेच दिसतो."

"बदल."

"नाही बदलणार, नाना."

शेजारच्या पंडितशी त्या बांधावरून नानांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी पागोटं सारखं केलं. "चाल. कोठे बशीसन काढं ते दखाड."

भर उन्हात दोघं वावरात गेली, पोरीच्या डोक्यावर पदराची सावली. लतानं विहिरीच्या कडेचा दगड दाखवला. नाना त्यावर बसले, मान इकडे केली, तिकडे केली. लिंब बांधाच्या पलीकडेच दिसत होता.

घरी आल्यावर त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. झुलालला म्हणाले, "चुना गोठाले लाव."