केबलताईचा फोन

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे केबलताई म्हणत. हुद्दा चांगला मोठा होता, पण मीटिंगच्या खोलीतल्या स्क्रीनला कुणाचाही लॅपटॉप जोडायचा झाला की तिच्याच नावाने हाका. स्क्रीन कोरीच्या कोरी राहिली की भल्याभल्या साहेबांना घाम फुटायचा. ही यायची, दोन बटणं दाबायची आणि जाता जाता सुनवायची, की फोन जोडणार असाल तर आधी मेसेज बंद करा, नाहीतर बायकोने कुठली भाजी आणायला सांगितलीय ते सगळ्यांना कळेल. विनोद शिळा झाला होता, पण तिची खोड काही जात नव्हती.

त्या दिवशी ग्राहकांपुढे बोलायचं होतं ते तिलाच. आई महिनाभर दवाखान्यात होती. सकाळी धाकट्या भावाने फोन करून निघून ये म्हटलं, डॉक्टर आज नीट बोलत नाहीत म्हणाला. एवढं काम उरकते आणि येते, असं तिने सांगितलं. अशी बोलावणी आधीही आली होती, आणि ती धापा टाकत पोचेपर्यंत आई उशीला टेकून चहा मागत असायची. जागरणांनी तिचं मन असं बधिर झालं होतं की आता भीतीसुद्धा वाटत नव्हती.

नेमका तिचाच लॅपटॉप रुसला. केबल बदलली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, पण काही केल्या स्क्रीनवर चित्र येईना. पाहुणे घड्याळं बघू लागले. शेवटी तिने दाखवायची ती चित्रं फोनवर उघडली आणि फोनच जोडला. मेसेज बंद करायला बोट गेलं आणि तिथेच थांबलं. भावाचा निरोप चुकला तर? तिने फोन तसाच टेबलावर ठेवला आणि स्क्रीनकडे पाठ करून बोलायला सुरुवात केली.

लिफ्टच्या दाराबद्दल सांगत असताना समोरचे चेहरे एकाएकी पडले. एकाने चष्मा काढला. बाकीचे खाली बघू लागले. तिला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. म्हणून ती आणखीच भराभर बोलू लागली. मग तिचे साहेब उठून जवळ आले.

"राहू दे आता. फोन बघ," ते हळूच म्हणाले.

तिने वळून पाहिलं. स्क्रीनवर लिफ्टचं दारच होतं. वर झळकलेला मेसेज केव्हाच नाहीसा झाला होता. तिने टेबलावरचा फोन उचलून भावाचा निरोप उघडला. इतकी वर्षं दुसऱ्यांना बजावणारी ही बाई, फोन अजून जोडलेलाच आहे हे साफ विसरली. तिच्याबरोबर अख्खी खोली वाचत होती.

'ताई, आई गेली.'

तिला रडू आलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी बातमी वाचावी तसं तिने ते वाचलं. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

'शेवटपर्यंत विचारत होती, ताईचं काम झालं का.'

आता कुठे तिचं लक्ष भिंतीवरच्या स्क्रीनकडे गेलं. हातभर उंचीच्या अक्षरांत तो प्रश्न तिच्यासमोर उभा होता.

"झालं," ती त्या अक्षरांना म्हणाली, आणि मग तिने केबल काढली.