केकच्या डावाला लसणाचा वास

मी एक लाकडी डाव. स्वयंपाकघरात शेगडीशेजारच्या खिळ्याला लटकलेला असतो ना, तोच. झाऱ्यासारखा मी खणखणत नाही, स्टीलच्या चमच्यासारखा चकाकतही नाही. माणसं बोलतात, भांडी वाजतात आणि लाकूड गप्प राहतं, अशी जगाची रीत. पण एवढी वर्षं गप्प राहून जे झालं, ते आता माझ्याच्यानं आत ठेववत नाही.

माझा जन्म चर्चच्या अंगणातल्या अक्रोडाच्या पोटचा. झाड केवढं होतं म्हणाल, तर एका बाजूनं खार चढायला लागली की ती वर पोचेपर्यंत दुसऱ्या बाजूनं तिची नात खाली उतरायची. पानगळ सुरू झाली की अंगणात इतकी पानं साचायची, की उपासनेला आलेली माणसं चपला शोधत पुढच्या रविवारी घरी जायची. यात थोडं कमी-जास्त असेल. घराण्याचा अभिमान म्हटला की हात जरा सैल सुटतोच.

एका वादळात आमची फांदी खाली आली. पाळकांनी ती सुताराला दिली. त्यानं तिच्यातून चर्चच्या लंगड्या बाकाला नवा पाय केला आणि उरलेल्या तुकड्यातून मला कोरलं. त्याचं लग्न होऊन महिना झाला नव्हता. त्यानं मला कागदात गुंडाळून बायकोच्या हातात दिलं.

"दुसऱ्यांचे नवरे फुलं आणतात हो," ती म्हणाली.

"फुलं वाळतात."

"आणि डाव?"

"तो आधीच वाळलेला असतो. भीतीच नाही."

ती हसली ती हसलीच. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, कारण तिची धाकटी बहीण 'ताई, ताई' करत दिवसातून दहा वेळा या घरात यायची. धाकटी दवाखान्यात नर्स होती आणि दोन गल्ल्या सोडून राहायची. जेवताना ताई डोळे मिटून आभार मानायची, त्यात भाकरीआधी धाकटीचं नाव यायचं. सुतार एक डोळा उघडा ठेवून रस्सा गार होतोय का ते बघायचा.

माझं खरं काम वर्षातून एकदाच. पानगळीत एका रविवारी चर्चमध्ये हंगामाचे आभार मानतात. उपासनेनंतर सगळे मिळून जेवतात आणि शेवटी ताईचा केक. त्याची तयारी तीन आठवडे चालायची. बाहेर पानं पिवळी पडत असायची, हवेत ओला धूर असायचा आणि आत दोघी बहिणी मनुका, जर्दाळू, खजूर चिरून सफरचंदाच्या रसात भिजवायच्या. मग रोज एकदा ढवळायचं. ते मी करायचो. तेवढ्यासाठीच मला राखून ठेवलेलं, भाजी-आमटीला मला कुणी हात लावायचं नाही. मी म्हणजे सोवळ्यातला!

या ढवळण्याला त्या घरात एक नियम होता, ताईच्या आईपासून चालत आलेला. ज्याचा कुणाशी अबोला असेल, त्यानं डावाला हात लावायचा नाही. आधी जाऊन समेट करायचा, मग ढवळायचं. 'वेदीपाशी दान न्यायच्या आधी भावाला भेटून यायला सांगितलंय, मग केक काय निराळा?' असं आई म्हणायची. एकदा तर सुतार कोळशाच्या दुकानदाराशी भांडून आला, तर ताईनं त्याला चपलेसकट परत पाठवला. तो समेट करून आला तो कोळशाची अर्धी गोणी भेट घेऊन. खोटं नाही, मी पाहिलीय ती गोणी.

आणि केक भट्टीत जायच्या आधी चव कुणी घ्यायची? धाकटीनं. तिची जीभ म्हणजे कायदा. माझ्या टोकावरचं पीठ चाटून ती डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "जायफळ झोपलंय गं. उठव त्याला." नुसतं 'छान' असं ती जन्मात कधी म्हणाली नाही.

त्या वर्षी मात्र धाकटीची शनिवारी दवाखान्यात पाळी होती. चव घ्यायला ती आली नाही. आणि सगळं तिथंच घसरलं.

शनिवारी दुपारी ताई चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली. सुतार घरी एकटा आणि भुकेला. रश्शाच्या डावाचा दांडा आठ दिवसांपूर्वी मोडला होता आणि घरात सुतार असल्यामुळे तो मोडकाच राहिला होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं. मी किंचाळलो असतो, पण लाकडाचं किंचाळणं चुलीत गेल्यावरच ऐकू येतं.

कढईत लसूण होता. एकदोन पाकळ्या नाही, दोन अख्खे गड्डे! सुताराला लसूण प्यारा. त्यानं मला त्या गरम तेलात फिरवलं, वर दाबून दाबून परतलं. धातूला काही लागत नाही, पण लाकूड पितं हो. मी आकंठ प्यालो. जेवण झाल्यावर त्यानं मला फडक्यानं पुसलं. कुठल्या फडक्यानं, ते सांगत नाही. आणि खिळ्याला परत लावून दिलं.

संध्याकाळी ताईनं माझ्यानंच केकचं पीठ घोटलं. अर्धा तास, गाणं म्हणत. मी सगळा लसूण त्या पिठाला इमानेइतबारे परत केला.

रविवारी चर्चच्या सभागृहात केकच्या मानाचा म्हणून मलाही नेलं होतं. केक कापला, वाटला. माणसं सभ्य. पहिला घास घेऊन सगळे एकदम शांत झाले. पाळकांनी डोळे मिटून घेतले, शेजारच्यांना वाटलं प्रार्थनाच करताहेत. कुणी बोललं नसतं तर तो दिवस निभावला असता. पण लांबलेली रात्रपाळी उरकून धाकटी थेट तिथं आली, घास घेतला आणि सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं ताई, केक आहे की लोणचं? लसणाचा वास मारतोय नुसता!"

सभागृह खो खो हसलं. इतका वेळ दाबून धरलेलं हसू ते, बांध फुटल्यासारखं आलं. ताईचा चेहरा पांढरा झाला.

"केकला नाही, तुझ्या हाताला येत असेल वास," ती म्हणाली. "दवाखान्यातून तशीच आलीस ना? हात तरी धुतलेस का?"

नर्सला असं म्हणणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. धाकटीनं बशी खाली ठेवली. ठेवताना आवाजही केला नाही. आणि ती निघून गेली.

सुतार तिथंच होता. त्याला एका क्षणात सगळं कळलं होतं. मी पाहिलं, त्यानं तोंड उघडलं. आता बोलेल असं मला वाटलं. त्यानं त्या उघड्या तोंडात केकचा मोठा तुकडा कोंबला आणि चावत राहिला.

"आज नाही, उद्या सांगतो," घरी येताना तो स्वतःशी पुटपुटला. उद्या ताई रडत होती, म्हणून परवावर गेलं. परवा ती चिडलेली होती. आठवडा गेला आणि मग एवढं उशिरा सांगितलं तर 'इतके दिवस का नाही सांगितलं' हाच दुसरा गुन्हा उभा राहिला. माणसांची ही एक गंमत आहे. लहान गोष्ट वेळेवर बोलत नाहीत आणि मोठी झाली की मोठी म्हणून बोलत नाहीत.

पुढच्या पानगळीला फळं भिजली. धाकटी आली नाही. मला वाटलं, आता तरी ताई नियमासाठी तिच्याकडे जाईल. तिनं मला खिळ्यावरून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि नवऱ्यापुढे केलं.

"तुम्ही ढवळा. माझा अबोला आहे. नियम म्हणजे नियम."

"मग जाऊन बोल ना तिच्याशी," सुतार चाचरत म्हणाला.

"चूक तिची. तिनं यावं."

पाहिलंत? नियम समेटासाठी होता. तिनं तो अक्षरशः पाळला आणि समेट तेवढा वगळला. भाकरीआधीच्या प्रार्थनेतून एक नाव गळलं. प्रार्थना एका नावानं आखूड झाली, तरी रस्सा पूर्वीसारखाच गार व्हायचा.

सहा पानगळी सुतारानं माझ्यानं ढवळलं. पकड इतकी घट्ट की माझ्या दांड्याला चीर गेली. तो वर पाहत नसे. केक छान व्हायचा, लोक वाखाणायचे, आणि तिकडे दोन गल्ल्यांपलीकडून बातमी यायची की धाकटी यंदाही आभाराच्या रविवारी पाळी मागून घेऊन कामावर गेली.

सातव्या वर्षी, फळं भिजवली त्याच दिवशी, धाकटीची मुलगी दारात आली. ताई सरावाला गेलेली.

"काका, मावशीला सांगू नका म्हणालीय आई," ती म्हणाली, "पण वसंतात तिला मोठा ताप आला होता. तीन आठवडे. वाचते की नाही असं झालेलं."

सुतार खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. ताई आली, तिनं नेहमीसारखं मला त्याच्यापुढे धरलं.

"माझाही हात चालायचा नाही," तो म्हणाला.

"का? तुमचं कुणाशी भांडण?"

"भांडण नाही. भांडण मी लावलंय." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. मोडका दांडा, कढई, दोन गड्डे, फडकंसुद्धा.

ताईनं मला नाकाशी धरलं, जणू सात वर्षांनी माझ्यात काही सापडणार होतं.

"आणि तुम्ही रोज माझ्या शेजारी प्रार्थनेला बसत होतात?"

"बसत होतो. रोज देवाजवळ कबूल करत होतो. तुला तेवढं सांगायचं राहिलं."

"त्याला ठाऊकच होतं हो," ताई म्हणाली. "मला नव्हतं."

तिनं त्याच्यावर भांडं फेकलं नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिनं रविवारची वाट न पाहता, फळं नीट मुरली नसतानाच, दुसऱ्या दिवशी केक केला. यंदा नियम बाजूला ठेवून घोटलं तिनंच, पण गाणं नव्हतं. मग केक डब्यात, डबा पिशवीत आणि सुतारानं मुद्देमाल म्हणून मलाही पिशवीत घातलं.

धाकटीनं दार उघडलं. बारीक झाली होती. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या.

"लसूण होता," ताई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

धाकटी एकदम हसली. "मी काय सांगत होते! कुणी घातला?"

"मी," सुतारानं मला वर केलं. "याच्यानं."

"भावजी, तुम्ही ना..." ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं. "या आत. पाय पुसा."

"आणि ते हाताचं मी बोलले..." ताईनं सुरुवात केली.

"बस गं आधी."

मग रडणं झालं, एकमेकींना नावं ठेवणं झालं, पाठीवर धपाटे झाले. ताईनं केक कापून बहिणीपुढे ठेवला आणि जीव मुठीत धरून बसली. सात वर्षं या निकालासाठी ती थांबली होती, तिला स्वतःला ते आत्ता कळत होतं. धाकटीनं घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला.

"कसा झालाय?"

"छान."

पुन्हा पिशवीत गेलेला मी तिच्या तोंडातून पाहत होतो. माझ्या दांड्यात थंडी भरली. ताईलाही कळलं.

"नुसतं छान? जायफळ कसंय?"

"बरोबर आहे की."

"मी यंदा जायफळ घातलंच नाही," ताई हळू आवाजात म्हणाली. "गडबडीत राहिलं."

मग मुलगी म्हणाली, "मावशी, त्या तापानंतर आईला चव येत नाही. वासही नाही. डॉक्टर म्हणाले, आता येणार नाही."

"तू गप गं," धाकटी तिच्यावर डाफरली. ताईकडे पाहून म्हणाली, "मऊ आहे. तेवढं कळतं. मनुका मोजता येतात."

"किती आहेत?"

"कमी."

ताई हसायला गेली, आणि तिचं हसू मध्येच मोडलं.

आता दर पानगळीत दोघी पुन्हा एकत्र बसतात. धाकटी फळं चिरते, जुन्या गोष्टी सांगते, भावजींची खेचते. ताई माझ्यानं स्वतः ढवळते. घोटून झालं की सवयीनं माझं टोक बहिणीपुढे करायला हात उचलते आणि अर्ध्यावरून मागे घेते. केक कसा झालाय हे आता त्या घरात खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. सुतारानं रश्शाच्या डावाला नवा दांडा बसवलाय, एक सोडून तीन डाव करून टांगलेत. उशिरा आलेली मेहनत अशीच दिसते, नको तितकी.

माझी चीर आता वाटीपर्यंत गेलीय. अजून दोन-तीन हंगाम काढेन, मग शेगडी आहेच. अक्रोडाचं लाकूड छान जळतं म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की तो ताप येण्याआधीच्या कुठल्याही रविवारी ती जीभ शाबूत होती, दोन गल्ल्यांवर होती, आणि सांगायचे शब्द होते चारच: 'तो लसूण माझा होता.'

मला बोलता येत नव्हतं, माझं सोडा. तुम्हाला येतं. आज जेवायला बसाल, हात जोडाल, वरच्याला सगळं कबूल कराल, तेव्हा एक डोळा उघडून शेजारच्या पाटावर कोण बसलंय ते बघा. त्याला काही सांगायचं राहिलं असेल तर प्रार्थना तिथंच थांबवा आणि आधी ते सांगून टाका. तोवर ताट गार होईल. होऊ द्या, ते पुन्हा गरम करता येतं.