नो बॉल आणि खालची कवळी

अंपायरकाका मैदानावर कुणाच्या बापाला भीत नसत. धाक होता तो फक्त स्वतःच्या खालच्या कवळीचा. वरची टाळूला घट्ट चिकटून राही, खालची मात्र जिभेच्या तालावर नाचे.

त्या रविवारी गोलंदाजाचा पाय रेषेपलीकडे पडला. काका जीव तोडून ओरडले, "नो ब..." आणि कवळी थेट खेळपट्टीवर! तोवर फलंदाजाचा त्रिफळा उडाला होता. काकांच्या बोळक्यातून शब्द फुटेना, म्हणून 'एक मिनिट थांबा' असं सांगायला त्यांनी बोट वर केलं. फलंदाज पाय आपटत चालता झाला. तो काकांचा सख्खा जावई होता.

मुलीने अबोला धरला. काकांनी मुकाट्याने दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

"खालचं हाड झिजलंय. कवळी धरणार कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी हाडात दोन बारीक स्क्रू बसवले, ते पक्के झाल्यावर कवळी त्यांवर टिचबटणासारखी टक्कन लावली.

"आता ओरडा."

"नो बॉल!" काका असे गरजले, की बाहेरचा पेशंट उठून पळाला. कवळी जागची हलली नाही. सोबत आलेला जावई म्हणाला, "बाबा, हे तेव्हा म्हणायचं होतं!"

"छान. रोज रात्री काढून धुवायची. काढून दाखवा बघू."

काकांनी ओढलं. डोळे पांढरे झाले, पण कवळी ढिम्म.

"मी बघू का?" म्हणत जावयाने मोठ्या आनंदाने बाह्या सरसावल्या.